पलटणीची रिकामी फळी

पुण्यातल्या दुकानदाराला ‘नाही’ म्हणताना जो आनंद होतो, तो गिऱ्हाईकाला वस्तू मिळाल्यावरसुद्धा होत नाही. आमचे जनरल तर या विद्येतले महामहोपाध्याय. पांढऱ्या दोऱ्याचं रीळ मागितलं की ‘नाही.’ पाठीमागे रिळांचा ढीग दिसत असायचा. ‘मग ते काय आहे?’ असं विचारलं, तर ‘ते मोतिया आहे. तुम्ही पांढरं मागितलंत,’ असं उत्तर मिळायचं. ते ‘नाही’ इतकं खणखणीत, की स्वारगेटला सुटायच्या बेतात असलेल्या एसट्या जागीच थबकत. पण या माणसाने एका गोष्टीला मात्र जन्मात ‘नाही’ म्हटलं नाही. पोलादी पलटण आहे का, असं कुणीही, कितीही वर्षांनी विचारलं, तरी ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, ‘येणार आहे.’

ते लष्करातले वगैरे नव्हते. स्वारगेटच्या मागच्या गल्लीत त्यांचं जनरल स्टोअर्स होतं, आणि पाटीवरचं ‘स्टोअर्स’ विजेच्या खांबामागे गेल्यामुळे जे उरलं ते त्यांना चिकटलं. शोभलंही. खडकवासल्याला लष्करी शिक्षण घेणारी पोरं रविवारी शहरात यायची, त्यांतली काही एकदा कंगवे घ्यायला दुकानात शिरली. जनरल म्हणाले, ‘रांगेत.’ ती रांग पार सारसबागेपर्यंत गेली होती, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

हे मी त्यांच्यासमोर सांगितलं असतं तर त्यांनी शांतपणे म्हटलं असतं, ‘चाराने भाग.’ माझ्या बोलण्याला चाराने भागायचा त्यांचा नियम होता. लहानपणी मी एकदा घोरपड पाहून आलो आणि तिची लांबी सांगितली. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाले, ‘म्हणजे पाल होती.’ पालच होती. तेव्हापासून मी त्यांचा थापसम्राट आणि ते माझा भागाकार. भर लग्नात, माझ्या सासऱ्यांना मी माझ्या नोकरीविषयी सांगत असताना, मागून आवाज आला, ‘चाराने भागा.’

तर पोलादी पलटण. ज्यांचं बालपण त्या काळात पुण्यात गेलं त्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. वीतभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक, हडपसरच्या एका शेडमध्ये तयार व्हायचे. हात हलायचे, गुडघे वाकायचे. त्यांचा म्होरक्या मेजर मार्तंड. त्याचा उजवा हात वर केला की कडक सलाम. तेव्हा पुण्यात माणसांपेक्षा सायकली जास्त होत्या आणि सायकलींपेक्षा मेजर मार्तंड जास्त होते. दुष्ट कवटीसिंगही मिळायचा, पण तो ज्याच्या वाट्याला यायचा तो पोरगा दुपारभर रडायचा. या सगळ्यांच्या पोटात एक रबर असायचं, त्यावर हातपाय पेललेले. दोन उन्हाळ्यांत रबर सुटायचं आणि आख्खा मेजर हातात सुटा व्हायचा.

मग त्याला जनरलकडे न्यायचं. गल्ल्याशेजारी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा होता, ते लष्करी इस्पितळ. जनरल मेजरला उलटा धरून बघायचे, ‘हं’ म्हणायचे आणि दाखल करून घ्यायचे. आत सायकलच्या ट्यूबची बारीक पट्टी कापून बसवायचे. ती मूळ रबरापेक्षा दसपट टिकायची. ‘कधी बरा होईल?’ असं विचारायची सोय नव्हती. ‘जखमीला तारीख विचारत नाहीत,’ ते म्हणायचे. ‘मंगळवारी ये.’ मंगळवारी गेलं की मेजर सलाम करत उभा असायचा. आम्ही त्याला उलटसुलट करून बघत नसू. स्वतःचा जीव परत मिळाल्यावर कोण मोजून घेतो?

पुढे शेड बंद पडली. मालक गेला, त्याच्या मुलांनी साचे भंगारात घातले, आणि आम्हीही मिशा फुटल्यावर मेजरला माळ्यावर टाकून दिलं. जनरलनी मात्र काचेच्या कपाटातली वरची फळी रिकामी करून ठेवली. पलटणीची फळी. तिथे काडेपेटी ठेवायचीही मुभा नव्हती. रोज सकाळी दुकान उघडलं की देवाच्या तसबिरीआधी त्या फळीवरून फडकं फिरायचं. वर्षं गेली. गल्लीतून आधी सायकली गेल्या, मग झाडं गेली, मग मेट्रोसाठी खणाखणी झाली आणि धुळीने सगळा माल एका रंगाचा झाला. फळी स्वच्छ. मी नोकरीवरून थकून यायचो, कट्ट्यावर बसायचो आणि कधीतरी म्हणायचो, ‘जनरल, पुरे आता. अगरबत्त्या तरी ठेवा तिथे.’

‘वाट बघून माणूस थकत नाही रे,’ ते म्हणायचे. ‘फळी पुसून थकतो.’ आणि पुसायचे.

मग ती इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. बाकीच्या गाळेवाल्यांनी किल्ल्या देऊन टाकल्या. जनरलची लेक सुनंदा विश्रांतवाडीला राहते, ती न्यायला तयार होती. जनरल म्हणाले, ‘एकदा फळी भरलेली बघतो, मग किल्ली देतो.’ त्यांची ऐंशी उलटली होती आणि गुडघ्यांतलं रबर सुटलं होतं. बिल्डरचा माणूस रोज यायचा आणि त्याला रोज पांढरं रीळ मिळायचं नाही.

याच सुमारास मी शाळेच्या ग्रुपवर जनरलविषयी चार ओळी लिहिल्या. त्यात, ओघात, असं गेलं की स्वारगेटच्या मागे पोलादी पलटणीचं एक आख्खं गोदाम कुलूपबंद अवस्थेत आहे. ते कुठून कुठे फिरलं कोण जाणे. महिन्याभरात दुकानासमोर एक मुलगी उभी. पाठीला सॅक, पायांत पांढरे बूट. नाव मृण्मयी. खेळणी करणाऱ्या एका कंपनीतून आली होती.

‘सर, आम्ही पोलादी पलटण रिव्हाइव्ह करायचा विचार करतोय. म्हणजे अजून फायनल नाहीये, पण नॉस्टॅल्जिया खूप आहे ना. गोडाऊन बघता येईल?’

जनरल माझ्याकडे वळले. मी रस्त्याकडे वळलो.

‘हे म्हणतात त्याला चाराने भागायचं असतं,’ ते तिला म्हणाले. ‘तुम्ही भागलं नाहीत.’ आणि तिला ती रिकामी फळी दाखवली.

मुलगी हसली, पण गेली नाही. साचे तर भंगारात गेले, मग चांगल्या अवस्थेतले जुने सैनिक मिळाले तर त्यांवरून स्कॅन करून नवे साचे करता येतील, असं ती म्हणाली. हे आमच्या हातातलं होतं. पुढच्या रविवारी त्या कट्ट्यावर जो मेळा भरला, तसा पेशवाईतही भरला नसेल. टकलं, ढेऱ्या, कंबरेला पट्टे, आणि प्रत्येकाच्या हातात रुमालात गुंडाळलेला मेजर मार्तंड. एका बँक मॅनेजरने तर आपला डब्यातून आणला होता, पोळीच्या खणात. मृण्मयीने सगळे ओळीने उभे केले, एकेकाचा फोटो काढला आणि म्हणाली, ‘काय भारी आहे. सगळ्यांचा सलाम सेम. अंगठा वर. हे तर सिग्नेचर आहे त्याचं.’

‘हे सगळे माझ्या हातचे आहेत,’ जनरल म्हणाले. आम्हाला गहिवरून आलं. मृण्मयीने त्यातला माझा निवडला, कारण त्याचा रंग कमी उडाला होता, आणि घेऊन गेली. पुढचे तीन महिने जनरल फळी दिवसातून दोनदा पुसत होते.

नमुना आला तेव्हा दुकानात मी, ते आणि मृण्मयी एवढेच होतो. नवा कोरा मेजर मार्तंड, प्लास्टिकचा वास येणारा. मी सांगतो, माझे पाय जमिनीवर नव्हते. जनरलनी त्याला घेतलं, नेहमीसारखं उलटं धरलं, सुलटं केलं, हात वर केला आणि स्टुलावर बसले.

‘बाई, याचा हात चुकलाय.’

‘कुठला, सर?’

‘उजवा. हा डावा आहे.’

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सलाम करून करून पोरांच्या मेजरचा उजवा हातच नेहमी तुटायचा. मोडीत निघालेल्या सैनिकांचे डबाभर डावे हात उरले होते आणि उजवे कधीच संपले होते. जनरलनी गरम पाण्यात बुडवून, वळवून, सगळ्या पुण्याच्या मेजरना उजवीकडेही डावाच बसवला होता. म्हणून तो अंगठा वर. सलामात अंगठा खाली हवा. आमची आख्खी पिढी अशा सेनापतीच्या हाताखाली लढली, जो सलाम करत नव्हता, मजेत आहे म्हणून अंगठा दाखवत होता, आणि एकाच्याही लक्षात आलं नाही.

‘पण सर, सगळ्या ओरिजिनल्सना असाच आहे,’ मृण्मयी म्हणाली.

‘ओरिजिनल त्यांत एकही नव्हता. त्या रविवारीच सांगणार होतो.’ ते थांबले. उभ्या आयुष्यात ज्यांना ‘नाही’ म्हणायला श्वास घ्यावा लागला नव्हता, त्यांना इथे घ्यावा लागला. ‘पण मग तुम्ही तशाच परत गेला असता.’

‘असू दे ना,’ मी म्हणालो. ‘कुणाला कळणार आहे? आम्हाला एवढ्या वर्षांत कळलं नाही.’

‘गल्लीत चालतं रे,’ जनरल म्हणाले. ‘सगळ्या देशात पाठवायचा, तर सलाम नीट हवा.’

मृण्मयी म्हणाली, दुरुस्त करू, नवा साचा लागेल, थोडा वेळ जाईल. नमुना तुमच्याकडे राहू द्या. मी तो उचलून फळीवर ठेवायला गेलो. जनरलनी माझा हात धरला. ‘तिथे नाही. तो जखमी आहे.’ आणि त्याला पत्र्याच्या डब्यात दाखल करून घेतलं.

थोडा वेळ गेला. मग बराच वेळ गेला. मृण्मयीचे मेसेज आधी लांबलचक असायचे, मग आखूड झाले, मग नुसते जोडलेले हात यायला लागले. बिल्डरच्या माणसानेही आता बोलायचं सोडलं होतं. तो यायचा, उभा राहायचा, जायचा. सगळेच दमलो होतो. एका सकाळी मी गेलो तर जनरल स्क्रूड्रायव्हरने ती फळी सोडवत होते. ‘किल्ली देऊन टाकतो,’ म्हणाले आणि चष्मा कपाळावर चढवला. ‘पलटण काय, विश्रांतवाडीलाही येईल. सरळ रस्ता आहे.’ फळी आणि डबा रिक्षात मांडीवर घेऊन ते गेले. दुकानातल्या बाकी मालाकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

सुनंदाच्या घरी त्यांच्या पलंगासमोरच्या भिंतीवर ती फळी लागली. रिकामी. पुसायचं काम आता सुनंदा करायची, कारण त्यांचे हात तिथवर पोचत नव्हते. मी महिन्यातून एकदा जायचो, दर वेळी ते थोडे आणखी लहान झालेले असायचे. एकच प्रश्न विचारायचे, ‘त्या उजव्या हातामुळे तर थांबलं नाही ना रे?’ मी म्हणायचो, छे.

मग मृण्मयीचा मेसेज आला. काम बंद करायचं ठरलं होतं. तिनं सॉरी लिहिलं होतं, आणि या वेळी हातही जोडलेले नव्हते.

मी विश्रांतवाडीला गेलो तो हे सांगायला. रस्ताभर तयारी केली. जनरल उशीला टेकून फळीकडे बघत होते. मी खुर्ची ओढली, तोंड उघडलं, आणि निघालं ते असं, की परवा स्वारगेटला गेलो होतो, तर रस्ता बंद. का बंद, तर पलटणीचे ट्रक आलेत. दहा ट्रक. पोलीस शिट्ट्या मारताहेत. माणसं गच्चीत उभी. खोकं फोडलं तर आत मेजर, आणि सलाम असा कडक, की वाहतुकीच्या हवालदाराने उलट सलाम ठोकला. अंगठा खाली, जनरल. उजवा हात उजवीकडे. कवटीसिंगसुद्धा आलाय, आणि तो घ्यायला पोरं भांडताहेत.

मी थांबलो. आता भागाकार येणार, म्हणून मी मान खाली घालून बसलो.

तो आला नाही. ते डोळे मिटून पडले होते. थोड्या वेळाने मी उठलो.

दारात सुनंदा चपलांपाशी आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, ‘दादा, त्या मुलीचा फोन आला होता बाबांना, सोमवारी. बंद झालं म्हणाली. बाबांनी एवढंच विचारलं, हातामुळे का? ती म्हणाली, नाही हो सर, वरूनच बंद केलं. मग बरं म्हणाले, आणि जेवले.’

मी एक चप्पल घातलेला तसाच उभा राहिलो. आतून आवाज आला.

‘थापसम्राट, गेलास का? ट्रक किती म्हणालास?’

चप्पल काढून मी आत गेलो. ही आमची शेवटची भेट, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. किंवा त्यांना असेल.

‘चाळीस,’ मी म्हणालो.

‘मघाशी दहा म्हणालास.’

‘ते तुमच्यासाठी भागून सांगितले होते.’

जनरलनी मान माझ्याकडे वळवली. मग सावकाश त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.