मदार कोणावर

आमच्या घरी मदार हा शब्द रोजच्या भातासारखा होता. धानाची मदार बोडीतल्या पाण्यावर, बोडीची आभाळावर, दुधाची एका खट्याळ म्हशीवर. नागपूरच्या कॉलेजातून नाताळच्या सुट्टीत घरी आलो, तर बानं जेवतानाच सांगून टाकलं, "आता साऱ्या घराची मदार तुझ्यावर हाय, पोरा." घरचा गडी काम सोडून गेला होता. म्हणजे माझं बी.ए.चं शेवटचं वर्ष अर्ध्यावर सोडून नांगर धरायचा. मी ताट सारून सरळ आडवा झालो.

दुसऱ्या दिवशी खळ्यावर धानाचं चुरणं लागलं. मधोमध मेढ रोवलेली, तिला बांधलेले बैल पसरलेल्या पेंढ्यांवरून गोल फिरत होते. मी त्यांच्यामागे. मनातलं सांगवत नव्हतं, म्हणून शिकलेलं सांगितलं.

"बा, मदार हा शब्द आपला नाई, अरबी हाय. ज्याच्याभोवती सारं फिरते ते ठिकाण, असा त्याचा अर्थ. आमच्या सरांनी सांगितला."

कडेला धान पाखडणाऱ्या मायनं विचारलं, "अरबी म्हंजे कुठी गा?"

"समुद्राच्या पल्याड."

"इतक्या दुरून आला अन् आपल्या चुलीजवळ बसला! तू तं नागपूरहून आला अन् लगेच आडवा झाला."

बा हसला नाही. बैल थांबवून मेढीकडं पाहत राहिला.

"भोवती फिरते म्हणजे? मंग मेढच झाली ते."

"हाव."

"मेढ कुठी जाते काय?"

"नाई."

"मंग मेढ मीच बरा. तुझं फिराचं वय हाय. जाय, परीक्षा देऊन ये."

"पण काल तूच तं म्हणला, मदार तुझ्यावर..."

"काल मले त्याचा अर्थ कुठी माहीत होता?"

माय इतकी हसली की सुपातलं धान सांडलं. "अर्थ माहीत नवता म्हणे! सकाळपासून पोरगं तोंड पाडून फिरून राह्यलं, ते पाहवलं नाई असं सांगा ना!"

"तू धान पाखड," बा म्हणाला.

पुढं मी बी.ए. झालो. घराण्यात पहिला, गावातही पहिला. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगतो. पण खरा आनंद त्या दुपारचा. बैलांना मी अशा आरोळ्या ठोकल्या, की अहेरीच्या बाजाराला निघालेली माणसं वाटेत थांबली.

"काऊन गा, लगन जमलं काय?"

"नाई वो भाऊ," माझ्याआधी मायच ओरडली, "नागपूरले चालला!"