गुरूच्या चंद्रांचा गुंता

कासारसाईच्या शाळेतले ओव्हाळ गुरुजी त्यांच्या वस्तीतले पहिले मॅट्रिक. अठरा वर्षांच्या नोकरीत 'मला माहीत नाही' असं ते कुणाला म्हणाले नव्हते. १९८० साली पुण्यात एक व्याख्यान ऐकून आले आणि तांदूळ पाखडत बसलेल्या बायकोला, चांगुणाला, सांगू लागले, "गुरू ग्रहाला चार मोठे चंद्र आहेत. त्याच्या सगळ्यात जवळचा खडखडीत कोरडा, लांबचे दोन निम्मे बर्फाचे." वर पदरचं जोडलं, "सूर्यापासून लांब गेलं की थंडी वाढतेच!"

चांगुणाचं सूप थांबलं. "अवो, पन चारीबी गुरूभवतीच फिरत्यात. मंग सूर्य समद्यांस्नी सारखाच लांब न्हाई व्हय?"

गुरुजींनी दोन दिवस वहीत वर्तुळं काढली, पण गुंता सुटेना. शेवटी त्यांनी व्याख्यात्यांना पत्र टाकलं. उत्तर आलं, 'नुकता जन्मलेला गुरू स्वतःच तापलेला होता. त्याच्याभोवती वायू आणि धुळीची चकती फिरत होती, तिच्यातून चंद्र घडले असावेत. जवळच्या उष्णतेत पाण्याचा बर्फ होईना, म्हणून नुसता दगड गोळा झाला. लांब बर्फही जमला.'

"आन् त्या चकतीत काय काय हुतं?" पत्र ऐकून चांगुणाने विचारलं.

गुरुजींनी पत्र पुन्हा चाळलं. तळाशी लिहिलं होतं, 'चकतीत नेमके कोणते वायू होते, यावर आमचंही एकमत नाही.'

दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात त्यांनी फळ्यावर चारही चंद्र काढले. "यातलं मला अर्धंच कळलंय," एवढं म्हणाले आणि चंद्रांखाली लिहिलं, 'चकतीत कोणते वायू होते? माहीत नाही.'