बिनविरोध

बिनविरोध निवडणुकीनंतर वेशीवर लागलेल्या ‘आदर्श गाव’ पाटीला परवा नवा रंग दिला. त्या ऑइलपेंटच्या वासानं मला जुन्नरच्या तहसील कचेरीतली ती दुपार आठवली. आईनं ग्रामपंचायतीला अर्ज भरला होता, माघारीची मुदत तीनपर्यंत होती आणि घड्याळात पावणेतीन झाले होते. भोवती गावातली जाणती मंडळी उभी होती. “वहिनी, बिनविरोध झाली की भांडण न्हाई, तंटा न्हाई. रामराज्यच म्हना की,” त्यांतले सगळ्यांत थोरले गृहस्थ हात जोडून म्हणाले. “मंग घटनेत मतदान कशाला लिवलंय, भाऊ?” आईनं विचारलं. कुणी चिडलं नाही, सगळे नुसतेच हसले. आमच्या शेताची पाइपलाइन त्या थोरल्यांच्याच रानातून येत होती. मीच आईच्या हातात पेन दिलं. तिनं माझ्याकडे न बघता माघारीच्या अर्जावर सही केली. मतदानाच्या ठरलेल्या रविवारी ती ठेवणीतली साडी नेसून शाळेपर्यंत जाऊन आली. शाळेला कुलूप होतं. परवा पाटी रंगवताना शिडी धरायला मला हाक आली, तेव्हाही माझ्या तोंडून ‘नाही’ निघालं नाही.