लाल छपराचं घर

लखनौच्या आमच्या कॉलनीत समोर राहणाऱ्या मराठी शास्त्रज्ञ गृहस्थांना सगळं झाकून ठेवायची सवय होती. टीव्हीवर चौक बाजारातून आणलेलं चिकनच्या भरतकामाचं कव्हर, सोफ्यावर दुकानातलंच प्लॅस्टिक, स्कूटरवर जुनी चादर. स्वतःला कव्हर कसं शिवलं नाही, याचंच मला नवल वाटे. कुणी कशाला हात लावला की म्हणायचे, "हां हां, जपून हं!"

मुलीसाठी त्यांनी जर्मनीहून प्लॅस्टिकचे जोडायचे ठोकळे आणले होते. त्या ठोकळ्यांचं लाल छपराचं घर शोकेसमध्ये असायचं. माझ्या लेकीने हट्ट धरला म्हणून एकदा त्यांनी ते बाहेर काढलं. तिने छप्पर ओढून पाहिलं.

"काका, ये तो खुलता ही नहीं!"

"बाबा ने चिपका दिया है," त्यांची मुलगी सहज म्हणाली. "मैंने तो कभी बनाया ही नहीं."

त्यांचे कान लाल झाले. "मोडेल म्हणून..." एवढंच पुटपुटले. कुठे बघावं, मलाच कळेना.

रविवारी सकाळी ते बाल्कनीत दिसले. पुढ्यात गरम पाण्याची बादली, हातात स्क्रूड्रायव्हर. शेजारी बसलेली मुलगी सुटलेल्या दोन ठोकळ्यांवर तिसरा बसवून बघत होती.

मला पाहताच त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घाईघाईने बादलीवर टाकला.