मठामागची अंबाडी

नाकावर बोट ठेवून जमादार म्हणायचे, "हे माझं नव्हे, सरकारचं आहे." दारूबंदी खात्याचे आमचे चाकणचे जमादार. कुणी गूळ आंबत घातला, की दोन गल्ल्या अलीकडून त्यांना वास यायचा. माझ्या हॉटेलातल्या चहात आलं कमी पडलं तरी याच नाकाला कळायचं, आणि मग सकाळभर माझं डोकं खायचे.

स्वतः मात्र सुपारीलाही शिवत नसत.

गावाबाहेरच्या मठात एक म्हातारा गोसावी होता. गांजा ओढायचा सरकारी परवाना होता त्याच्याकडे, पण परवान्याचं दुकान लांब आणि पाय तर गेलेले. म्हणून पठ्ठ्यानं मठामागं एक झाड लावलं. ओढायला परवानगी, लावायला तुरुंग. आहे की नाही मजा? जमादार रोज तिथून जात, पण मठ आला की सरकारचं नाक चोंदायचं.

कुणीतरी पुण्याला चुगली केली. जीपमधून साहेब आले. मुंबईचे, खात्यात नवे. जमादारांनी झाड दाखवलं आणि सरळ सांगितलं, "अंबाडी आहे, साहेब." पानं दिसतात तशी सारखीच, पण थापेलाही काही सुमार?

"मग भाजी करा," साहेब म्हणाले. "माझ्यासमोर खा."

मी जमादारांना बाजूला ओढलं. "राव, खरं सांगून टाका."

"म्हातारा खोकतोय बघ कसा. आत गेला तर बाहेर यायचा न्हाई," ते म्हणाले. मग मोठ्यानं, "अख्खं झाड उपटा! भाजी शिजून आटते."

काड्या माझ्या चुलीत गेल्या. अंबाडी आंबट असते म्हणून मी पाल्यावर चिंच पिळली, लसणाची फोडणी दिली. जमादारांनी भाकरीशी सगळी भाजी वाडगा पुसून खाल्ली. साहेब समोर बसून राहिले.

तासाभरानं जमादार उठले. त्यांनी माझ्या म्हशीला सलाम ठोकला आणि तिला दारूबंदीचा कायदा समजावू लागले. म्हैस चालू लागली तेव्हा म्हणाले, "आरोपी फरार." हसून हसून माझं पोट दुखलं. साहेब लालबुंद झाले. पण खटला कशावर भरणार? पुरावा साहेबांच्याच हुकमानं जमादारांच्या पोटात गेला होता.

गोसावी सुटला. जमादारांची मात्र नशेत सापडले म्हणून लगेच बदली झाली. एस.टी.त त्यांची वळकटी मीच चढवली, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

पुढल्या थंडीत गोसावी गेला. मठातच, धुनीजवळ, घोंगडीत. हे जमादारांना कळवायचं होतं, पण त्यांचा पत्ता आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.