बिनडिस्कचं मशीन

दुकानदाराने मला दोनदा विचारलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे सांगताना आपली बाजू सावरून घ्यायचा मोह मला होणारच आहे. उरण नाक्याजवळच्या त्या दुकानात काउंटरवर गेमच्या मशीनचे दोन खोके शेजारी शेजारी ठेवले होते. चित्र तेच, रंग तोच. एका मशीनला डिस्क घालायची फट होती, दुसऱ्याला नव्हती, आणि फट नसलेलं जवळजवळ दहा हजारांनी स्वस्त होतं. "मॅडम, घरी जुन्या डिस्क आहेत का? असतील तर हे नका घेऊ," दुकानदार म्हणाला. मी सांगितलं, नाहीत. बिल करताना त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

मशीन माझ्या दादासाठी होतं आणि दादाकडे तेव्हा साठावर डिस्क होत्या.

दादा जासईला राहतो, आमच्या माहेरच्या घरी. कंटेनर यार्डात तो क्रेन चालवायचा. सहा वर्षांपूर्वी अपघातात त्याचा उजवा पाय कामातून गेला आणि तो घरी बसला. पैशाची ददात नव्हती. जमिनीचा मोबदला होता, वरच्या दोन खोल्यांचं भाडं येत होतं. पण ज्या माणसाला दिवसभर खालून वीस जण हाका मारायचे, त्याला आता वहिनीशिवाय हाक मारायला कोणी नव्हतं. तीही फक्त जेवायला.

मग दादाची मुलगी, माझी भाची, नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि तिचं गेमचं मशीन घरीच राहिलं. दादा आधी ते नुसतं पुसून ठेवायचा. एक दिवस त्याने फुटबॉलची डिस्क लावली आणि झालं. पन्नाशीचा माणूस दुपारच्या जेवणाचं ताट मांडीवर घेऊन गोल मारत बसतो म्हणून मी त्याची यथेच्छ टिंगल केली. वहिनीला म्हटलं, तुला आता दुसरं मूल झालं. ती म्हणाली, असू दे, हे रडत तरी नाही.

हळूहळू त्याने जुन्या डिस्क विकत आणायला सुरुवात केली आणि त्यातून अदलाबदल सुरू झाली. पहिला आला तो कळंबोलीचा एक ट्रेलर ड्रायव्हर. दादाच्या यार्डातल्या ओळखीचा. त्याच्या घरी मुलीसाठी मशीन होतं, पण नवीन डिस्क घेणं परवडायचं नाही. मग उरणकडचा एक मासेवाला आला, नंतर पतपेढीतला एक कारकून. हातात एक डिस्क घेऊन यायचं, ओटीवर बसायचं, चहा घ्यायचा, तासभर गप्पा मारायच्या आणि दुसरी डिस्क घेऊन जायचं. कोणाकडे कुठली गेली हे दादाला तोंडपाठ. मी माहेरी गेले की ओटीवर चपलांचे तीन-चार जोड असायचे. तेव्हा मला वाटायचं, काय ही रिकामटेकडी माणसं.

मागच्या वर्षी ते जुनं मशीन बंद पडलं. दादाने चौकशी केली तर कळलं की नव्या मशीनवर जुन्या डिस्कही चालतात, आणि तो एकदम खूश झाला. मी नवीन पनवेलला राहते, दुकानं मला माहीत, म्हणून त्याने पैसे माझ्या हातात दिले. बिनडिस्कचंही मशीन असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. देताना तो म्हणाला, उरले तर तुला साडी घे.

आमच्याकडे भाऊ बहिणीकडून उरलेले पैसे परत घेत नाही. किती उरले हे विचारतसुद्धा नाही. विचारलं तर भाऊ हलका ठरतो. लहानपणी दुकानात पाठवायचा तेव्हापासून हे असंच. वाटाण्याचं पुडकं आणायला रुपया द्यायचा आणि वरचे माझे. त्यामुळे त्या दिवशी दुकानात उभी असताना मला हिशेब सरळ दिसत होता. मशीन जितकं स्वस्त, तितकी साडी भारी. तीन आठवड्यांवर चुलतबहिणीची हळद होती आणि लाइन आळीत एक साडी मी दोनदा अंगावर लावून पाहिली होती.

एक फोन केला असता तर काम झालं असतं. दादा म्हणाला असता, डिस्कवालंच आण, आणि साडीचे पैसे वेगळे दिले असते. तो तसाच आहे. मला हे माहीत होतं आणि तरी मी फोन केला नाही, कारण फोन केला की तो डिस्कवालंच आण म्हणाला असता.

मशीन घेऊन गेले तेव्हा त्याने खोका स्वतः उघडला. मशीन मांडीवर घेतलं आणि कडेकडेने अंगठा फिरवला. एकदा, मग उलटं करून पुन्हा एकदा.

"बाय, डिस्क कुठनं घालाची?"

माहेरच्या उंबऱ्याच्या आत माझी जीभ आपोआप गावची होते. मी म्हटलं, "दादा, डिस्कवाली आता येतच नाय. बंद झाली. आता सगळं नेटवर."

त्याने मान डोलावली. वाद घातला असता, थोडा चिडला असता, तर मी पडतं घेतलं असतं असं मला वाटतं. पण त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलंही नाही. बरं झालं तू होतीस, मला तर कायतरी जुनं गळ्यात मारलं असतं, असं म्हणाला.

जासईला नेट कसं आहे ते जासईकरांनाच विचारा. एक गेम उतरायला दोन दिवस लागले, तेही मधे तीनदा तुटून. आणि दुकानात जी डिस्क जुनी म्हणून चवलीपावलीत मिळायची, तोच गेम नेटवर पूर्ण किमतीला. तो कुणाला द्यायचा म्हटलं तरी देता येत नाही. दादाने एकच घेतला. सुरुवातीला माणसं डिस्क घेऊन यायची तेव्हा तो त्यांना समजावून सांगायचा की आता डिस्कचे दिवस संपले, माझी बहीण पनवेलला राहते, ती स्वतः दुकानात विचारून आली. आपल्याकडच्या डिस्क तो देत राहिला, पण बदल्यात काही घेऊन करणार काय? मग एका रविवारी त्याने सगळ्यांना बोलावून उरलेल्या सगळ्या वाटून टाकल्या. पडून खराब होण्यापेक्षा कुणी खेळलेलं बरं, म्हणाला.

त्यानंतर कुणी यायचं बंद झालं. भांडण नाही, काही नाही. माणसं कामाची असतात, काम असलं की येतात. नुसतं बसायला या असं दादा कुणाला म्हणणार नाही आणि नुसतं बसायला जायचं हे त्या लोकांना सुचणार नाही.

हळदीला मी ती साडी नेसले. बायकांनी पदर हातात घेऊन पाहिला. दादा काठी टेकत जवळ आला आणि चांगली हाय म्हणाला. मी म्हटलं, तुझ्याच पैशाची. तो इतका हरखला की मांडवभर सांगत सुटला. त्या रात्री मला गाण्यांतलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. वहिनी फोनवर सहज सांगायची, हल्ली दुपारचे झोपतात, गेम पण लावत नाहीत, आणि मी विषय बदलायचे. ती काही टोमणा मारत नव्हती. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. शेवटी एक दिवस मी त्याच दुकानात गेले आणि दुकानदाराला खरं काय ते सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, याला नंतर लावायची डिस्कची ड्राइव्ह वेगळी मिळते, मागवून देतो. मशीनच्या बाजूचं झाकण काढायचं आणि ती आत बसवायची, इतकं सोपं. मी वाचवले होते त्यापेक्षा जास्त पैसे गेले. खरं सांगते, त्या वेळी मला ते पैसे देताना आनंद झाला.

जासईला जाताना बस ट्रेलरच्या रांगेत अडकली आणि मला बोलायचं ते घोकायला भरपूर वेळ मिळाला. दादा, मी तुला खोटं सांगितलं. डिस्कवालं मिळत होतं. मला साडी हवी होती. तीन वाक्यं. रडायचं नाही, कारणं द्यायची नाहीत.

ओटीवर चपलांचा एक जोड दिसला. आत कळंबोलीचा तो ट्रेलर ड्रायव्हर बसला होता. किती महिन्यांनी आला होता. मुलगी बारावी झाली होती आणि तिला नवं मशीन घ्यायचं होतं. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की डिस्कवालंही मिळतं, फक्त थोडं महाग आहे. दादाने दिलेल्या डिस्क त्याने जपून ठेवल्या होत्या. डिस्कवालं मिळालं तर पुन्हा अदलाबदल सुरू करू, असं तो म्हणत होता. दादा त्याला ठामपणे सांगत होता की तसं काही नसतं, दुकानदार फसवतात. दोघांचं हसत हसत चाललं होतं आणि दादाचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळलेला दिसत होता.

"बग, हिलाच इचार," दादा म्हणाला. "हिनं सोता जाऊन आणलंय. बाय, सांग याला. डिस्कवाली येतात का आता?"

ड्राइव्हचा खोका माझ्या पिशवीत होता. पिशवी माझ्या हातात होती. दोघं माझ्याकडे बघत होते. हीच वेळ होती, यापेक्षा चांगली वेळ मागूनही मिळाली नसती.

"नाय येत," मी म्हटलं.

ड्रायव्हरने मान हलवली. मग त्या डिस्क कुणाला तरी देऊन टाकतो, म्हणाला. चहा संपवला, दादाच्या खांद्यावर हात ठेवला. दादाने त्याला ये म्हटलं आणि तो येईन की म्हणाला. पण आता तो कशासाठी येणार? बाहेर त्याची चप्पल घासत गेली, मग गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

चार माणसांत दादा खोटा पडू नये म्हणून मी तसं बोलले, हे कारण मला तेव्हाच सुचलं आणि तेव्हाच खोटं वाटलं. मला खोटं पडायचं नव्हतं. एवढंच होतं ते. आणि यात दुसऱ्यांदा तोटा झाला तो दादाचाच.

दादा समाधानाने मागे टेकून बसला. "आज तुझ्यामुळं माझा शबूद राहिला, बाय," तो म्हणाला.

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली आणि म्हणाले, साडेचारची बस चुकेल.