सुटलेला टाका

नांदेडला दुपारी जेवायला बसलो होतो आणि लातूरहून अप्पाचा फोन आला. माझा थोरला भाऊ फोनवर कायम ओरडून बोलतो, कानांनी कमी ऐकू येतं म्हणून. त्या दिवशी मात्र इतकं हळू बोलला, की मलाच पुन्हा विचारावं लागलं. "तुझी वहिनी गेली रे…" सकाळी पूजा आटोपून महानंदा वहिनी खुर्चीत टेकल्या, त्या तशाच. उदगीरच्या, कपाळाला भस्म लावल्याशिवाय चहा न घेणाऱ्या, आणि अप्पाच्या गाडीला तोंडावर नावं ठेवायची हिंमत असलेल्या आमच्या घरातल्या एकट्याच.

त्या गाडीची गोष्ट फार जुनी. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. कलेक्टर आले, पाट्या बदलल्या, पाणी तेवढं आलं नाही. गल्लीत टँकर यायचा. अशा दिवसांत काही हौशी मंडळींनी लातूर ते नांदेड गाड्यांची शर्यत ठरवली आणि स्पेअर पार्टच्या दुकानात बसून कंटाळलेल्या अप्पाच्या अंगात आलं. जोर वाढावा म्हणून त्यानं आपल्या निळ्या गाडीच्या इंजिनाचं हेड घासून घेतलं, दोन कार्बोरेटर चढवले. सावकाश चालवली की गाडी लोण्यासारखी. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा साडेचार हजाराच्या पुढं गेला की मिसिंग सुरू. धक्के, फटफट, आणि जोर गायब. प्लग बदलले, कॉइल बदलली, कंडेन्सर बदलला. वायरीतून ठिणगी बाहेर निसटते का ते बघायला तांब्याभर पाणी घेऊन तो बॉनेटकडे निघाला, तेव्हा वहिनींनी तांब्याच धरला. "टँकरचं पाणी हाय ते! मी भांडी राखेनं घासून राहिले, आन् माझ्या सवतीला अंघोळ व्हय?"

शेवटी वैतागून त्यानं गाडी विकायचं ठरवलं. बिलोलीचा एक गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. अप्पा जेवला नाही, नुसता चहा घेऊन बसला. सवत आयती घरातून जात होती, वहिनींनी खरं तर पेढे वाटायचे. त्या ब्लाउज शिवत होत्या. मशीन थांबवून म्हणाल्या, "अहो, हिचं माझ्या मशीनसारखंच हाय की. हळू चालवलं की नीट, दामटलं की टाका सुटतो. सुई बदला, दोरा बदला, कायबी फरक न्हाई. मागल्या साली माझी स्प्रिंग ढिली निघाली होती."

अप्पा हातातला कप ठेवून उठला. प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटला एक बारीक स्प्रिंग असते. ती ढिली असली की पॉइंट वेगात वेळेवर मिटत नाहीत आणि ठिणगी चुकते. पॉइंट नवेच होते, म्हणून त्यानं त्यांच्यावर कधी संशयच घेतला नव्हता. दुकानातून दुसरे आणून बसवले, पाय दाबला… आणि गाडी अशी गरजली की शेजारचे बाहेर आले. गिऱ्हाईक बिचारा चहा पिऊन परत गेला. शर्यतीत अप्पा तिसरा आला. गाड्या चारच होत्या, पण शेजारी वहिनी होत्या आणि त्यांना वाटेत लोह्याला थांबून ताक प्यायचं होतं. शर्यत संपल्यावर दोघं तसेच पुढं अर्धापूरला केळी खायला गेले. मी मागच्या सीटवर होतो, इतका कधी हसलो नसेन.

पुढं दर दुरुस्तीनंतरचा हा रिवाजच झाला. शहराबाहेर सरळ रस्ता लागला की अप्पा पाय दाबायचा. बारीक मिसिंग त्याच्या कानाला कळायचं नाही, म्हणून वहिनी डॅशबोर्डवर तळवा ठेवायच्या आणि निकाल द्यायच्या, "बसला टाका," नाहीतर "सुटतोय बघा." त्यावर अपील नव्हतं.

वहिनींचं सगळं उरकून परतलो होतो, मागच्या आठवड्यात पुन्हा लातूरला गेलो. त्याच निळ्या गाडीवर कापड होतं, अप्पा ओसरीत नुसता बसून. मला भीती वाटली, खरंच वाटली, की हाही आता असाच बसून राहणार. जबरदस्तीनं त्याला गाडीत बसवलं. सरळ रस्त्यावर त्यानं पाय दाबला आणि सवयीनं डावीकडं पाहिलं. तिथं मी होतो. मी तळवा डॅशबोर्डवर ठेवला. मनात आलं, म्हाताऱ्याला कशाला त्रास, 'बसला टाका' म्हणून मोकळं व्हावं. पण हाताखाली काहीतरी अडखळत होतं.

"सुटतोय, अप्पा."

त्यानं गाडी कडेला घेतली.

"कुठं सुटून राहिला? नीट सांग की!" असा ओरडला, की बाभळीवरचे कावळे उडाले. आणि बॉनेट उघडायला माझ्याआधी खाली उतरला.